लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर : उद्योजकाचे दूरचे उद्दिष्ट आणि समोरचे वर्तमान (१८८८–१९४८)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात जे स्वदेशी उद्योग उभे राहिले, त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी चरित्रांच्या रूपाने लिहिला गेला आहे. चरित्र या प्रकाराची एक अडचण सर्वपरिचित आहे. चरित्रकाराला नायकाच्या आयुष्याचा शेवट ठाऊक असतो आणि त्यामुळे तो शेवट आरंभापासूनच नायकाच्या मनात होता, असे नकळत लिहिले जाते. बेळगावात सायकली विकणारा तरुण पुढे इंजिने व पंप तयार करणार आहे, हे वाचकाला पहिल्या पानावरच माहीत असते; त्या तरुणाला मात्र ते माहीत नसते. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्याविषयीच्या लेखनात हे विशेषत्वाने घडले आहे. दूरदृष्टी हा शब्द त्यांच्या नावामागे इतक्या वेळा आला आहे की, त्या दृष्टीला वेळोवेळी काय दिसले आणि काय दिसले नाही, हे तपासण्याची गरज कोणाला फारशी वाटलेली नाही.

प्रस्तुत निबंधात १८८८ ते १९४८ या साठ वर्षांतील काही निवडक प्रसंग तपासून एक मर्यादित प्रश्न विचारला आहे. उद्योगाच्या संस्थापकाने दूरच्या उद्दिष्टाची आणि रोजच्या गरजेची सांगड प्रत्यक्षात कशी घातली, आणि त्या सांगडीची किंमत कोणी दिली? लेखकाचे प्रतिपादन असे आहे की, कोणती वस्तू तयार करावयाची याबाबत लक्ष्मणरावांनी कधीही हट्ट धरला नाही. स्वतःच्या कारखान्यात यंत्र घडविण्याची क्षमता मात्र त्यांनी कोणत्याही परिस्थितीत हातची जाऊ दिली नाही. त्यांचे दीर्घकालीन उद्दिष्ट या क्षमतेत होते, आणि तेदेखील आरंभी ठरलेले नव्हते. अडचणींच्या रेट्याखाली ते हळूहळू आकारास आले.

हा प्रश्न लेखकाला ग्रंथालयात पडलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवी वर्गास स्वदेशी चळवळ शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर गाठून विचारले, "सर, मला दालमिल टाकायची आहे. पुस्तकात लिहिलंय की वीस वर्षांपुढचं पाहावं. पण मला या हंगामाचंच भांडवल जुळत नाही. मग पुढचं पाहायचं की आजचं?" उद्योजकता विकासाच्या क्रमिक पुस्तकात या प्रश्नाला जे उत्तर आहे ते त्याने आधीच पाठ केले होते. इतिहासाच्या शिक्षकाकडे दुसरे काही उत्तर आहे काय, याचा शोध घेताना हा निबंध आकारास आला.

साधनांविषयी थोडेसे

किर्लोस्कर उद्योगाविषयीची प्रमुख साधने ही घरचीच साधने आहेत. शंतनुराव किर्लोस्करांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे इंग्रजी आत्मचरित्र, शं. वा. किर्लोस्करांचे 'शंवाकीय' आणि १९२० पासून निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे मासिक यांपैकी एकही साधन तटस्थ म्हणता येणार नाही. मुलाने, पुतण्याने आणि कंपनीने लिहिलेला हा इतिहास आहे. तथापि, घरची साधने म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. फसलेले प्रयोग त्यांत मोकळेपणाने आले आहेत, आणि आपल्या प्रश्नासाठी यशापेक्षा तेच अधिक उपयोगी आहेत. कामगारांचा व आसपासच्या खेड्यांतील लोकांचा आवाज मात्र त्यांत फारसा ऐकू येत नाही. ही उणीव पुढे १९४८ च्या प्रसंगात जाणवते.

बेळगाव : नोकरी आणि दुकान

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे या इच्छेने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. दोन वर्षांनी आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे त्यांच्या ध्यानात आले आणि चित्रकलेचा मार्ग बंद झाला. यंत्रांची रेखाटने काढण्यास रंग लागत नाहीत. त्या कौशल्याच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. आयुष्यातील पहिले मोठे स्वप्न असे वयाच्या विशीतच मोडले होते, हे लक्षात ठेवावयास हवे. ठरविलेले सोडून द्यावे लागते आणि त्यातूनही हाती काही उरते, हा अनुभव त्यांना कारखाना काढण्यापूर्वीच मिळाला होता.

१८८८ मध्ये बेळगावात वडील बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह 'किर्लोस्कर बंधू' या नावाने सायकलींचे दुकान निघाले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना याच वर्षापासून मोजतो. प्रत्यक्षात लक्ष्मणरावांची मुंबईची नोकरी त्यानंतरही चालू होती. मुंबईत सायकली खरेदी करून त्या बेळगावी धाडावयाच्या आणि रामूअण्णांनी तेथे त्या विकावयाच्या व लोकांना चालवावयास शिकवावयाच्या, अशी विभागणी होती. नोकरीत बढतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, असे चरित्रकार सांगतात. राजीनाम्याचा प्रसंग स्वाभिमानाची कथा म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. त्याआधीची काही वर्षे मात्र एक पाय पगारात आणि एक पाय धंद्यात असा जो काळ गेला, त्याचे महत्त्व लेखकाला अधिक वाटते. दुकानाला संस्थापकाच्या पोटाची जबाबदारी उचलावी लागली नाही, म्हणूनच ते टिकले असावे.

बेळगावी कायमचे आल्यानंतर सायकलींच्या जोडीला कडबा कापण्याची यंत्रे व नंतर लोखंडी नांगर तयार करण्याचा लहानसा कारखाना सुरू झाला. नांगराचे काम १९०३ च्या सुमारास आकारास आले. हे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. वंगभंगाची चळवळ १९०५ मध्ये सुरू झाली. तेव्हा हा नांगर स्वदेशीच्या लाटेवर जन्मलेला नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८९० मध्ये भरविलेल्या औद्योगिक परिषदेपासून देशी कारखानदारीचा विचार सुशिक्षितांत रुजत होता हे खरे. परंतु शेतकऱ्याने नांगर विकत घ्यावा यासाठी त्या विचाराचा काडीमात्र उपयोग नव्हता. लोकांनी स्वदेशी काडेपेटी भावनेपोटी घेतली असेल, पण नांगर तसा कोणी घेत नाही. तो जमिनीत चालावा लागतो.

नांगर आणि शेतकरी

पहिल्या नांगरांना दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही, ही हकीकत सर्वत्र आढळते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. अशी समजूत असणे अशक्य नाही. परंतु दूरदृष्टीचा उद्योजक आणि अंधश्रद्धाळू शेतकरी अशी ही सोयीची मांडणी आमच्या वऱ्हाडातील वाचकाला तितकीशी पटणार नाही. नांगर न घेण्यामागे शेतकऱ्याजवळ त्याचा स्वतःचा हिशेब होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय लक्ष्मणरावांनी पुढे जे केले त्याचा अर्थ लागत नाही.

आमच्या भागातील भारी काळ्या जमिनीत शेतीचे मुख्य अवजार नांगर नव्हते, वखर होते. वखराची पास जमिनीचा वरचा थर कापीत जाते, तण मारते आणि ओल राखते. दरवर्षी नांगरट करण्याची चाल वऱ्हाडात नव्हती; हरळी किंवा कुंदा माजला की मगच नांगराचे नाव निघे. भारी जमीन खोल नांगरावयाची तर एका जोडीने भागत नाही, शेजाऱ्याचे बैल मागून आणावे लागतात. म्हणजे नांगर विकत घेणे हा केवळ एका वस्तूच्या खरेदीचा प्रश्न नव्हता. त्यात बैलांचा प्रश्न होता आणि शेजाऱ्यांशी असलेल्या देण्याघेण्याचाही होता.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. लाकडी नांगर गावचा सुतार, आमच्याकडील वाढई, करून देई. त्याचे लोखंडी टोक लोहार शेवटून देई, आणि त्या दोघांना हंगामावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. त्यात रोख पैशाचा संबंध नव्हता. लोखंडी नांगर मात्र रोखीने घ्यावा लागे, आणि त्याचा ओतीव फाळ झिजला वा तुटला तर गावच्या लोहाराला तो करता येत नसे. पेरणी तोंडावर असताना फाळ तुटला, तर ज्याने नांगर विकला तो बेळगावात आणि शेतकरी शेतात. अशा स्थितीत जुने अवजार न सोडणारा शेतकरी अडाणी म्हणावयाचा काय? प्रस्तुत लेखकाच्या आजोबांच्या गोठ्यात एक लोखंडी नांगर कित्येक वर्षे पडून होता. फाळ मिळत नाही म्हणून तो पडला होता. विषाची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

लक्ष्मणरावांचा पहिला फाळही असाच कमी पडला. विलायती नांगराच्या मानाने तो मऊ होता व लवकर झिजे, आणि त्या कारणाने काही नांगर परत आले. परत आलेला माल ही कोणत्याही नव्या कारखान्याला बुडविणारी गोष्ट असते. येथे त्यांच्या स्वभावाचा विशेष दिसतो. फाळ कडक करण्यासाठी ओतकामाचे तंत्र सुधारण्याकडे त्यांनी लक्ष वळविले. नांगराचा धंदा सोडून खपणाऱ्या सायकलींकडे परत जाणे त्यांना सहज शक्य होते. त्या काळात सायकलींनी, कडबा कापण्याच्या यंत्रांनी आणि किरकोळ कामांनी कारखान्याचा खर्च भागवला, आणि तोट्यातील नांगराने कारखान्याला ओतकाम शिकविले. एकाच छपराखाली आजचा धंदा आणि उद्याचा धंदा असे दोन हिशेब चालू होते, असे म्हणता येईल. मात्र कोणता उद्याचा ठरणार आहे हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते.

येथे आमच्या जिल्ह्याकडे क्षणभर वळावेसे वाटते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व महत्त्व आले. खामगावची बाजारपेठ भारतातील मोठ्या कापूस पेठांत गणली जाऊ लागली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग तयार झाला व व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास स्वतः खामगावी आले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. दूरवरचे पाहणारे धोरण येथेही होते, परंतु ते लँकेशायरचे होते. आमच्या पेठेकडे यंत्र घडविण्याचे काम त्यात सोपविलेले नव्हते. जिनांची यंत्रे विलायतेहून येत, त्यांचे सुटे भाग मुंबईहून येत, आणि येथील भांडवल दिवाळीपासून होळीपर्यंत कापसात व उरलेले महिने सावकारीत फिरे. हंगामाचा नफा इतका निश्चित असताना भट्टी पेटवून फाळ ओतण्याचे कोणाला सुचावे? खामगावात भांडवल बेळगावपेक्षा कमी होते म्हणून येथे यंत्रकारखाना निघाला नाही, असे लेखकाला वाटत नाही. येथील वर्तमान फार किफायतशीर होते, असा त्याचा तर्क आहे. या तर्काची जिल्ह्यातील जिनिंग कारखान्यांच्या जुन्या दप्तरांवरून तपासणी व्हावयास हवी.

कुंडलचा माळ

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली ती नगरपालिकेच्या निर्णयामुळे. त्या जागी नवी वस्ती वसवावयाची होती. कारखाना नुकता उभा राहत असताना ओढवलेले हे संकट होते, आणि किर्लोस्करवाडी या 'स्वप्ननगरी'चा आरंभ या संकटात आहे. लक्ष्मणराव तेव्हा कारखाना बाजूला ठेवून औंध येथे मंदिराच्या सभामंडपाचे बांधकाम करीत होते. यंत्रे घडविणाऱ्या माणसाने बांधकामाचे काम का घ्यावे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे साधे उत्तर, कामगारांचा पगार द्यावयाचा होता.

या कामामुळे औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी असलेला स्नेह दृढ झाला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग न दिसल्यामुळे चित्रकला सोडलेल्या माणसाला चित्रकार राजाने आश्रय द्यावा, हा योगायोग गमतीचा आहे, पण त्यावर अधिक भार देऊ नये. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर माळजमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. मार्च १९१० मध्ये तेथे वसाहतीस प्रारंभ झाला. निवडुंगाने व सापांनी भरलेला तो माळ होता. शंतनुरावांच्या आत्मचरित्राच्या नावातील निवडुंग त्याचीच आठवण करून देतो. आरंभी सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे होती.

जागेची निवड पाहिली तर दूरदृष्टी आणि नाइलाज यांची सरमिसळ स्पष्ट होते. रेल्वे स्थानक शेजारी असणे हा सुज्ञ हिशेब होता, कारण कच्चे लोखंड, कोळसा आणि तयार नांगर या तिन्ही गोष्टी जड. जमीन ओसाड होती, म्हणूनच ती मिळाली. संस्थानच्या हद्दीत नगरपालिका नव्हती व निर्णय एका माणसाच्या शब्दावर होत असे, ही सोय होती. पण एका माणसाच्या मर्जीवरचे अवलंबित्व हा धोकाही होता. बाळासाहेबांचे औदार्य पुढे चार दशके टिकले हे लक्ष्मणरावांचे भाग्य म्हणावे लागेल. औंध संस्थानातच, कऱ्हाडजवळ, १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. तेव्हा संस्थानचे उद्योगविषयक धोरण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, एवढेच येथे नोंदवितो.

मनुष्यबळाच्या बाबतीतही हीच पद्धत दिसते. पदवी नसलेले पण यंत्रांत जाण असलेले शंभूराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर आणि वसाहतीचा कारभार पाहणारे रामूअण्णा अशी ही मंडळी होती. माळाच्या राखणीसाठी तुकाराम रामोशी यांना नेमले होते, ज्यांच्यावर दरोडेखोरीचा शिक्का बसलेला होता. जे उपलब्ध होते त्यांतून माणसे घडवावी लागली. प्रशिक्षित अभियंते मिळेपर्यंत थांबावे असे ठरविले असते तर कारखाना निघालाच नसता.

तुलनेसाठी टाटांचे उदाहरण घेता येईल. जमशेटजी टाटांनी पोलाद कारखान्याची योजना आखली, परंतु ते १९०४ मध्ये निवर्तले; कंपनी १९०७ मध्ये नोंदली गेली आणि पहिले पोलाद १९१२ मध्ये निघाले. संस्थापकाच्या मृत्यूनंतरही योजना पुढे नेता येईल एवढे भांडवल आणि वारसदार तेथे होते. लक्ष्मणरावांना ही चैन नव्हती. त्यांच्या कोणत्याही योजनेला पुढच्या महिन्याचा पगार भागविण्याची परीक्षा द्यावी लागे.

युद्ध, कंपनी आणि मंदी

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) विलायती नांगरांची आयात थांबली आणि देशी नांगराला मागणी आली. त्याच वेळी कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा मिळेनासा झाला. मागणी आहे पण माल करता येत नाही, अशी ही विलक्षण कोंडी. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून भट्टी चालू ठेवली गेली, मोडीचे लोखंड जमविले गेले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तोफांचे नांगर झाले हे भाषणात सांगावयास छान वाटते. कारखान्याच्या दृष्टीने मात्र तो नुसता कच्च्या मालाचा प्रश्न होता.

जानेवारी १९२० मध्ये 'किर्लोस्कर बंधू' ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. कुटुंबाची मालकी सोडून भागधारकांकडे जाणे ही संस्थापकाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड पायरी असते. युद्धकाळात मागणी वाढलेली पाहिल्यावर मोठ्या भांडवलाशिवाय पुढे जाता येणार नाही हे उघड झाले होते. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. गिऱ्हाइकांना मालाची माहिती देणे हा त्याचा आरंभीचा हेतू. ते पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक होईल, 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही भावंडे त्याला होतील, हे १९२० मध्ये कोणी योजिलेले नव्हते. प्रस्तावनेत म्हटलेल्या गोष्टीचे हे कदाचित सर्वांत चांगले उदाहरण ठरावे.

शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. पंप आणि इंजिने यांकडे कारखाना याच सुमारास वळला. येथपासून दोन पिढ्यांतील वेगळेपण दिसू लागते. वडिलांनी अनुभवाने जे साधले ते मुलाला शास्त्राने, मोजमापाने आणि मोठ्या प्रमाणावर करावयाचे होते. लक्ष्मणरावांनी मुलाला वाव दिला, आणि संस्थापकांच्या इतिहासात ही गोष्ट दिसते तितकी सामान्य नाही. आपली दृष्टी कोठे संपते हे ओळखणे कित्येकांना जमत नाही.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. वऱ्हाडात कापसाचे भाव कोसळून काय झाले हे आमच्या भागातील जुन्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हटल्यावर नांगर कोण घेणार? ज्या नांगरावर किर्लोस्करवाडी उभी होती त्याचाच खप घसरला. कारखान्याने तेव्हा लोखंडी टेबले, खुर्च्या असले सामान करावयास घेतले. तीस वर्षे शेतीच्या अवजारांचे ध्येय सांगणाऱ्या कारखान्याने खुर्च्या कराव्यात, यात काहींना अधोगती दिसेल. ओतशाळा, कातकाम आणि कसलेले कामगार यांची घडी त्या खुर्च्यांनी मोडू दिली नाही. मंदीत कामगार पांगले असते तर १९४१ मध्ये हरिहर येथे 'म्हैसूर किर्लोस्कर' हा यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला नसता आणि १९४६ मध्ये पुणे येथे तेलावरील इंजिनांचा कारखानाही निघाला नसता, असे लेखकाचे मत आहे. सभामंडप, कडबा कापण्याचे यंत्र आणि खुर्ची या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत बसतात. किर्लोस्करांच्या इतिहासात त्यांना तळटिपेची जागा मिळते. वास्तविक त्या मजकुरात यावयास हव्यात.

कुंपणाबाहेरचे वर्तमान

येथपर्यंतच्या विवेचनावरून लक्ष्मणरावांनी सर्व काही साधले असा समज होऊ नये. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक होता, स्वच्छता होती, शाळा होती, वाचन होते. आदर्श वसाहतीची ही कल्पना काळाच्या पुढे होती यात शंका नाही. परंतु वसाहतीचा विचार जेथे संपत होता तेथे कुंडल आणि आसपासची खेडी सुरू होत होती, आणि तेथील जीवन फार वेगाने बदलत होते. ब्राह्मणेतर चळवळीने या भागात मूळ धरले होते. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे एक प्रमुख केंद्र कुंडल हेच होते. औंध संस्थानात तर बाळासाहेबांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना देऊ केली होती. पंप आणि इंजिने यांच्या बाबतीत दहा वर्षे पुढचे पाहणाऱ्या कारखान्याला दोन-तीन मैलांवरच्या या घडामोडींचा अर्थ कितपत लागला होता, हे उपलब्ध साधनांवरून सांगता येत नाही. साधने घरची असल्याचा तोटा येथे जाणवतो.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणविरोधी दंगल उसळली आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. हत्येशी त्या कारखान्याचा काहीही संबंध नव्हता, आणि त्यात शेकडो कामगारांची भाकरी होती. इतिहासाच्या अभ्यासकाला तरीही पुढे विचारावे लागते. अडतीस वर्षे जेथे परिसरातील माणसांना काम मिळत होते, त्या कारखान्याकडे जमाव एका दिवसात परक्याची मालमत्ता म्हणून पाहू शकला, हे कसे? कारखाना कितीही सुधारकी असला तरी मालकी, व्यवस्थापन आणि जात यांची रेघ बाहेरून पाहणाऱ्याला एकाच जागी दिसत असावी. लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या आत ती पुसण्याचा प्रयत्न केला होता. कुंपणापलीकडे ती कशी दिसते हे पाहण्यास त्यांना सवड मिळाली नाही, किंवा तसे पाहण्याची गरज वाटली नाही. लेखकाचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

कारखाना पुन्हा उभारला गेला. ज्या संस्थानच्या आश्रयाने तो वसला होता ते संस्थान त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विलीन झाले. लक्ष्मणराव त्यानंतर आठ वर्षे जगले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

वर ज्याचा उल्लेख केला त्या विद्यार्थ्याला यातील बराचसा भाग वर्गात सांगून झाला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि सभामंडपाच्या प्रसंगाविषयीच दोन प्रश्न विचारले. वसाहतीविषयी एकही नाही. पुढच्या हंगामात त्याने दालमिलचा विचार बाजूला ठेवून चुलत्याच्या शेडमध्ये एक जुनी चक्की बसविली. आसपासच्या चार गावांची तूर आणि हरभरा तो सध्या मजुरीने भरडून देतो. चक्कीची दुरुस्ती तो स्वतः करतो, आणि तिचा जो भाग खामगावात मिळत नाही तो अकोल्याहून आणतो.